बुधवारची मैत्रीण

२३ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावजींना नमस्कार आणि छोटीच्या दोन्ही गालांना एकेक पापा. तिला दात आला असेल तर जपून घे म्हणावं, मावशीचं नाक चावायची तिला भारी हौस.

तू शिवून पाठवलेला पडदा काल लावला. खिडकीपेक्षा वीतभर लांब झालाय. घरमालकीणबाई म्हणाल्या, "बहिणीने माप न घेताच शिवला वाटतं?" मी म्हटलं, "माप मीच कळवलं होतं." त्यावर त्या अशा काही हसल्या! तेव्हा चूक तुझी नाही, तुझ्या पदवीधर बहिणीची आहे. तुझ्या शिवणाच्या दुकानात बिनधास्त सांग.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. दिवसभर माझ्या कानाला फोनच असतो. "पंप सुरू होतो पण पाणी चढत नाही", "पंप आवाज करतो", "तुमचा पंप तुमच्याच डोक्यात घाला" असं सगळं ऐकून खोलीवर आलं की कुठलाच आवाज नको वाटतो. शिवाय घरी आई स्पीकर लावते, बाबा मागून "जेवली का विचार" म्हणतात, आणि खरं काही बोलताच येत नाही. कागद बरा. गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाच.

एक चांगली बातमी आहे. आमच्या कंपनीत एक उपक्रम चालतो. या शहरात एकटी राहणारी पुष्कळ म्हातारी माणसं आहेत, एक संस्था त्यांची काळजी घेते. कंपनी आम्हाला दर बुधवारी दुपारी एक तास देते, पगार न कापता. त्या तासात पंपांच्या तक्रारी बंद आणि आपल्या वाट्याला आलेल्या माणसाशी फोनवर गप्पा मारायच्या. बस, एवढंच. आणि आपण जेवढे तास देऊ त्या मानाने कंपनी संस्थेला जेवणाचे डबे पुरवते. म्हणजे मी नुसतं बोलायचं, आणि कुणाच्या तरी पोटात घास जायचा. मला हे ऐकूनच भरून आलं. आठवतंय, निकालाच्या दिवशी मी बाबांना ऐटीत म्हणाले होते, की शिकलेल्या माणसाने अनोळखी माणसाच्याही उपयोगी पडलं पाहिजे? आणि तू म्हणालीस, "आधी स्वतःचं ताट उचल." तर ताई, ताट उचललं, आता हे करतेय.

उपक्रमाचा एक नियम आहे. फोनवर आपलं नाव सांगायचं नाही. सगळ्या मुलींनी एकच वाक्य म्हणायचं, "मी तुमची बुधवारची मैत्रीण बोलतेय." मुलांनी मित्र म्हणायचं. माणसं नोकरी सोडतात, बदलीवर जातात. दर वेळी नवं नाव आलं की म्हातारी माणसं खट्टू होतात, बोलायचं बंद करतात, असं पूर्वी फार झालं. म्हणून माणूस बदलला तरी मैत्रीण तीच. उपक्रम सांभाळणाऱ्या बाईंनी हे समजावलं तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं.

मला ज्या बाई मिळाल्या त्या आधी शांतूच्या वाट्याला होत्या. शांतू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची उंच मुलगी. मोजकं बोलायची म्हणून ऑफिसने तिला ते नाव ठेवलं होतं. तिची जागा रिकामी झाली, तर बाईंनी मला विचारलं. त्या म्हातारीला फोन शांतूच्याच टेबलावरून लावायची पद्धत पडलीय, म्हणून मी बुधवारी तिथे जाऊन बसते.

पहिल्या दिवशी मी वाक्य पाठ करून ठेवलेलं. पलीकडून फोन उचलला गेला, मी वाक्य म्हटलं, आणि लगेच आवाज आला, "आलीस?"

जशी मी दारात उभी आहे!

"दोन बुधवार कुठे उलथली होतीस?"

ताई, मी सांगणार होते की मी नवी आहे. खरंच सांगणार होते. पण तो आवाज इतका खूश होता, की माझ्या तोंडून निघालं, "बरं नव्हतं, आजी."

"आजी? मावशीची एकदम आजी केलीस? आजारी तू पडलीस आणि वय माझं वाढवलंस?"

"चुकलं, मावशी."

"आवाज बसलाय तुझा. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. माझा एक कान गेलाय, दुसऱ्यात यंत्र. त्यात तू घसा बसवून घेतलास तर झालंच मग आपलं बोलणं."

तासभर त्या बोलत होत्या आणि मी "हो ना", "अगं बाई" करत होते. फोन ठेवल्यावर वाटलं, आज कुणाला तरी बरं वाटलं. त्यात वाईट काय?

एक राहिलं. शांतूने नोकरी सोडली असं मी आईला सांगितलं होतं. तसं नाही, ताई. शांतू वारली. त्या दोन बुधवारांच्या आधीच्या रविवारी, नदीत. पाय घसरला म्हणतात. आई घाबरून मला परत बोलावेल म्हणून बोलले नाही. तूही बोलू नकोस.

तुझी,
धाकटी

*

२७ एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. सगळे मजेत हे वाचून बरं वाटलं. छोटी बसायला लागली, आता तुझ्या कात्र्या वर ठेव.

तुझी शेवटची ओळ वाचून मात्र दोन दिवस मला जेवण गेलं नाही. "ती बाई तुझ्याशी बोलत नाहीये, मेलेल्या पोरीशी बोलतेय. सांगून टाक. एवढं शिकून एवढंही कळेना?"

कळतं. मी उपक्रमाच्या बाईंकडे गेले होते. त्या वाईट नाहीत, खरंच नाहीत. त्यांच्या टेबलावर डब्यांचे नमुने असतात, झाकणं घट्ट बसतात का ते त्या स्वतः तपासतात. मी म्हटलं, "बाई, त्यांना वाटतं मी शांतू आहे."

"त्यांना वाटतं तुम्ही बुधवारची मैत्रीण आहात. आणि तुम्ही आहातच."

"पण शांतू गेली हे त्यांना माहीत नाही."

"मग काय करू या? ज्यांना दुसरं कोणी नाही अशा बाईला फोनवर सांगू या, की मेली हो तुमची मैत्रीण? आणि फोन ठेवून तुम्ही पंपाच्या तक्रारी घ्याल. त्या काय करतील?"

मी एका डब्याचं झाकण लावत-काढत राहिले. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मागे असंच एका आजोबांना सांगितलं. त्यांनी फोन घ्यायचा सोडला, मग डबाही परत पाठवायला लागले. नियम उगीच नाही केला मी."

तर मी शांतूच्या खुर्चीत बसते. खुर्ची तिच्या उंचीला लावलेली आहे, माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. कानाला लावायच्या फोनला अजून तिच्या साबणाचा वास येतो. मी तो पुसला, पुन्हा पुसला. येतो.

सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की शेजारी बसून मला जी शांतू कधी कळली नाही ती मला आता मावशींकडून कळते. "तू नाही का म्हणालीस, की तुमच्या वरिष्ठांची चाल बदकासारखी आहे!" मी मान वर करून बघते तर काय, खरंच बदक! "तू नाही का म्हणालीस, की लहानपणी तुला टांग्याच्या घोड्याशी लग्न करायचं होतं!" शांतू असं बोलायची? आमच्याशी तर "हो", "नाही" आणि "खिडकी लावू का" यापलीकडे काही नाही. फक्त बुधवारी त्या तासात तिचं हसणं पार्टिशनच्या पलीकडून यायचं, आधी अडखळत, मग एकदम मोकळं, आणि शेवटी एक उचकी. आम्ही एकमेकांकडे बघून भुवया उंचवायचो.

ते हसणं आता मला येतं. मावशी विनोद सांगून थांबतात, वाट बघतात. मी हसते. पहिल्यांदा मुद्दाम हसले होते. परवा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी काहीतरी म्हणालं आणि मी हसले, तर समोर बसलेला हिशेबनीस हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "अहो, पुन्हा असं हसू नका." उचकीसुद्धा आली होती, ताई. मी मुद्दाम नव्हती आणली.

हे सगळं मी तुला गंमत म्हणून लिहीत बसलेय, कारण जे लिहायचं आहे ते लिहवत नाही.

गेल्या बुधवारी बोलता बोलता मावशी म्हणाल्या, "लांबचा रस्ता सोयीचा पडतो का गं?"

"कुठला रस्ता, मावशी?"

"झालं! माझ्याशी नाटकं नकोत. पुलावरून येत नाहीस ना?"

मी गप्प बसले. त्यांना वाटलं मी रागावले.

"बोलायचं नाही म्हणून ठरलंय, ठाऊक आहे मला. पण कधीतरी विचारणार मी. थंडीत तू म्हणालीस ना, की पूल आला की पाय आपले आपण थांबतात आणि खाली बघत राहावंसं वाटतं, त्या दिवसापासून मला बुधवारची वाट बघवत नाही. आठवडाभर जीव टांगलेला. मग फोन वाजतो आणि मी म्हणते, आली! वचन दिलंयस तू मला. लांबच्या रस्त्याने जाईन म्हणून."

"हो, मावशी."

"हो काय हो! जातेस ना?"

"जाते."

"मग झालं. सगळा जन्म मी इस्पितळाच्या चादरींना इस्त्री केली. त्यांच्यावर झोपलेलं कोण घरी गेलं, कोण कुठे गेलं, मला कधी कळलं नाही. चादरी तेवढ्या धुऊन यायच्या. हे एकच मला कळलं. तू आहेस." थोडं थांबून म्हणाल्या, "मिरवत नाही हो मी. पण हल्ली सकाळी खिडकी उघडते. गोळ्या वेळेवर घेते. म्हटलं, पोरगी थांबली, तर आपणही थांबावं थोडं."

मी म्हटलं, "आहे मी, मावशी."

आता सांग, कशी सांगू? ऑफिसात सगळे म्हणतात पाय घसरला. तिची आई सामान न्यायला आली होती, तीही तेच म्हणत होती. मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले, खोकं माझ्याकडे, शांतूचा कप तिच्या हातात. "पुलावरची फरशी ओली असते ना," ती म्हणाली, "कुणीही घसरेल." मी म्हटलं, हो, कुणीही. आणि खरं काय ते जगात एका माणसाला ठाऊक आहे, पण त्या माणसाला वाटतं की तसं झालंच नाही, आपण ते होऊ दिलं नाही. मी खरं सांगितलं, तर शांतू एकदाच नाही मरणार. मावशींनी जिला वाचवलं तीही मरेल.

मी हल्ली पुलावरून जाते. घाबरू नकोस, नुसती बघायला. कठडा माझ्या छातीपर्यंत येतो. तिथे पाय घसरून कोणी पडू शकत नाही.

आईला सांग, पडद्याची खालची पट्टी मी दुमडून शिवली. वाकडी झाली, पण शिवली.

तुझी,
धाकटी

*

१५ जून

प्रिय ताई,

तुझं एका ओळीचं पत्र मिळालं, नमस्कारसुद्धा नसलेलं. "पूल सोड, नाहीतर मी छोटीला कडेवर घेऊन तिथेच येऊन बसते." सोडला, बाई. ज्या दिवशी पत्र मिळालं त्याच दिवशी सोडला. तू खरंच येऊन बसली असतीस, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचे उसवलेले खिसे शिवून दिले असतेस.

पुढचं सगळं सांगते. वेळ काढून वाच.

दरवर्षी कंपनी एक मेळावा घेते. फोन करणारे आणि ज्यांना फोन जातो ते, एका सभागृहात पहिल्यांदा भेटतात. फोटो निघतात. त्या दिवशी कंपनी पुढच्या वर्षाचे डबे जाहीर करते. या वर्षी व्यासपीठावर बोलवायला मी आणि मावशी निवडल्या गेलो. बाई आनंदाने म्हणाल्या, "तुमची मैत्री आमच्याकडची सगळ्यात जुनी." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या मनापासून बोलत होत्या. मैत्रीण बदलतच नाही ना!

मावशींना संस्थेने परस्पर कळवलं होतं. बुधवारी त्यांना धीर निघेना. नवा पोशाख शिवायला टाकलाय, यंत्रात नवी बॅटरी घातलीय. "मला कशी ओळखशील? मी तर तुला लांबूनच ओळखणार. दारातून वाकून शिरते ती माझी!"

ताई, मी कुठल्या दारातून वाकून शिरणार? मला तर कडीही टाचा उंचावून काढावी लागते.

त्या रात्री मी वाईट विचारही केले, ते लपवत नाही. मेळाव्याला आजारी पडावं. बदली मागावी. दुसऱ्या कुणाला तरी बसवावं त्या खुर्चीत, मैत्रीण तर तीच राहील. मग वाटलं, शांतूचं हे जे चाललंय ते कधी संपणारच नाही. एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जात राहील, आणि तिकडे मावशी तिला विचारत राहतील, जेवलीस का.

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते नियमात बसत नाही. पत्ता त्यांनीच गप्पांमध्ये सांगितला होता, धोबीखान्याच्या मागची गल्ली, हिरवं दार.

दार उघडून म्हणाल्या, "डबा? आज इतक्या लवकर?"

मला वाटलं होतं त्याहून त्या बारीक होत्या. मी म्हटलं, "डबा नाही. मी पंपांच्या कंपनीतून आलेय."

"अगं ये की मग! माझी मैत्रीण तुमच्यातच आहे. ओळखतेस ना तिला? उंच आहे बघ."

एकच खोली. खिडकी उघडी. फोन एका स्टुलावर, स्टुलावर घडी घातलेला रुमाल, शेजारी खुर्ची, तिच्यावर उशी. खोलीच्या मधोमध इस्त्रीचं टेबल आणि त्यावर नवा पोशाख, करडा, पांढऱ्या गळ्याचा. त्या इस्त्री करता करता मला शांतूबद्दल सांगायला लागल्या. किती हुशार, किती विनोदी, मध्ये जरा मनाने खचली होती पण आता कशी सावरली. मी दाराशीच उभी होते.

"मावशी," मी म्हटलं, "दर बुधवारी तुमच्याशी बोलते ती मी."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. वरपर्यंत पोचायला फार वेळ लागला नाही.

"तू?"

"आधी ती बोलायची. मार्चपासून मी बोलतेय."

"का? ती कुठे आहे?"

मी वाक्यं जुळवून नेली होती. एकही आलं नाही. "ती नाही, मावशी."

"नाही म्हणजे? बदली झाली?"

"वारली. तुम्हाला दोन बुधवार फोन आला नाही ना, त्याच्या आधीच्या रविवारी."

"कशाने?"

"नदीत."

पूल हा शब्द मी काढला नाही. त्यांनीही काढला नाही. त्यांनी इस्त्री बंद केली, वायर काढली, वायरीची गुंडाळी केली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा केली.

"म्हणजे मी तिला विचारत होते, जेवलीस का," त्या म्हणाल्या. "दर बुधवारी. जेवलीस का, लांबच्या रस्त्याने जातेस का. आणि तू म्हणायचीस, हो."

"हो."

"मग माझं रडणं कुठे गेलं?"

मला कळलं नाही.

"तिच्यासाठीचं माझं रडणं, कुठे गेलं ते? मार्चमध्ये तिची आई रडली असेल. मी काय करत होते? तुला विनोद सांगत होते! ती मेली आणि मी विनोद सांगत होते! ही परवानगी कोणी दिली तुम्हाला?"

"मावशी, तुम्हाला दुखवायचं नव्हतं कुणाला."

"दुखवा की! माझं माणूस होतं ते. माझं मला दुखू द्या!"

ताई, मला आजवर कोणी इतकं खरं बोललेलं नाही. मी क्षमा मागितली. त्यांनी ती घेतली नाही, टाकलीही नाही. "जा" असंही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी थांबले. पोशाखाची घडी घालत, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "कशी दिसायची?" मी सांगितलं. चालताना खांदे किंचित वाकवायची, उंची लपवल्यासारखी. टेबलावर काही नसायचं, एक निळा कप. नखं कुरतडायची. मला जेवढं आठवलं तेवढं सांगितलं, आणि ते फार थोडं होतं. शेजारी बसत होते मी.

मग त्यांनी डोळे कोरडेच ठेवून विचारलं, "मी कुठे कमी पडले?"

याचं उत्तर कुठल्याच शिक्षणात नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही, मावशी. पण ती आमच्यापैकी कुणाशीच बोलली नाही. फक्त तुमच्याशी बोलली."

"मला तिच्या आईकडे ने," त्या म्हणाल्या.

मी घाबरले. म्हटलं, "आईला वाटतं पाय घसरला."

"मी आपण होऊन काही सांगणार नाही. पण तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही. तुमचं तुमच्यापाशी."

मेळाव्याला आम्ही गेलो नाही. उपक्रमाच्या बाईंना मी सगळं सांगितलं. मावशी डबा घेतात, बंद केला नाही, हेही सांगितलं. त्या चिडल्या, मला नियम वाचून दाखवला, आणि मग वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, "मीही वर्षानुवर्षं मैत्रीण होते, कितीतरी जणींची. आता त्यांना काय वाटत असेल, कोण जाणे." पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाने आपलं नाव सांगावं असं मी लिहून दिलंय. त्यांनी "बघू" म्हटलंय. तुला माहीत आहे बघू म्हणजे काय. पण मी परत विचारणार.

काल आम्ही शांतूच्या आईकडे गेलो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस बदलून. ती बाटल्या धुण्याच्या कारखान्यात असते, हातांची कातडी पांढरी पडलीय. खोलीत कोपऱ्यात ते खोकं होतं, मी उचललेलं, अजून दोरी न सोडलेलं. तिला वाटलं आम्ही कंपनीकडून आलो. मी सांगितलं, या फोनवरच्या मावशी, दर बुधवारी शांतू यांच्याशी बोलायची.

"बोलायची?" आई म्हणाली. "माझी?"

"तासभर," मावशी म्हणाल्या. "मला मध्ये बोलू द्यायची नाही."

"घरी तर तोंड उघडायची नाही हो. काय बोलायची?"

मग मावशींनी सुरुवात केली. बदकाची चाल. टांग्याचा घोडा. आई हसली. "घोडा! अहो, खरंच! त्या घोड्यासाठी घरातली भाकरी चोरून न्यायची!" दोघी एकमेकींना शांतू सांगत होत्या, एकीला अर्धी ठाऊक, दुसरीला अर्धी. मी भिंतीला टेकून बसले होते. चहा झाला, पुन्हा झाला, खोलीत ऊन आलं आणि गेलं.

आणि मग आईने कप खाली ठेवला. "तुम्हाला एवढं सगळं सांगायची," ती म्हणाली, "तर मला एक सांगा. रविवारी तिला ऑफिस नव्हतं, आणि माझ्याकडे यायला पूल लागत नाही. पुलावर ती कशाला गेली होती?"

मावशींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तिचा तो पांढरा पडलेला हात आपल्या हातात घेतला.

"ती घसरली नाही, बाई. थंडीपासून तिच्या मनात होतं. मला सांगायची. मी तिला थांबवत होते. तुला कळवायला हवं होतं, पण तुझं नाव-गाव मला माहीत नव्हतं, आणि मला वाटलं, जमतंय मला. नाही जमलं."

बाहेर कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं, तेवढाच आवाज. मला वाटलं, ही आता मावशींना घराबाहेर काढणार. काढायला हवं, असंही वाटलं. मला वाटलं, बघ, खरं सांगून काय झालं.

आईने हात सोडवून घेतला नाही.

"थंडीपासून?" ती म्हणाली.

"हो."

"थंडीत माझ्या पाठीचं दुखणं निघालं होतं. दर रविवारी यायची, पाठ चोळून द्यायची. काही बोलायची नाही, पण यायची." ती थांबली. "मार्चपर्यंत आली. म्हणजे तुम्ही थांबवलंत म्हणून आली."

मावशींनी तिच्या हातावर आपला दुसरा हात ठेवला.

"मग ते रविवार मला तुमच्याकडून मिळाले," आई म्हणाली.

तेव्हा मावशी रडल्या. जे मार्चमध्ये रडायचं राहिलं होतं ते. मोठ्याने, तोंड न झाकता, आणि शांतूच्या आईने त्यांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, आणि मग तीही. मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले. ते त्यांचं होतं. सायकलवाल्याने विचारलं, "आत कोणी वारलं का हो?" मी म्हटलं, "हो. आज."

परतताना बसमध्ये आम्ही बोललो नाही. त्यांच्या हिरव्या दाराशी पोचलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं. पहिल्यांदा. मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं, नव्या कपड्याचा पोत चाचपतात तसं, आणि दार लावून घेतलं. परवा बुधवार आहे. मी माझ्या टेबलावरून फोन करणार आहे, तिच्या नाही. त्या घेतील की नाही, माहीत नाही.

शनिवारी घरी येतेय. आईला एवढंच सांग, बाकीचं मी सांगेन. ताई, एक काम कर. मला दुकानात तुझ्यासमोर बसव, मशीन बंद कर आणि विचार, कशी आहेस. मी म्हणेन, बरी आहे. तेवढ्यावर सोडू नकोस.

तुझीच,
धाकटी